कचेरीतील नाताळ-संमेलन आणि मागे उरणारा कचरा

डिसेंबर अर्धा सरला की आपल्या घरांत करंज्या व कुलकुलांची तयारी सुरू होते. त्याच सुमारास आपली मुले-मुली जेथे नोकरीस आहेत त्या कचेऱ्या, शाळा, इस्पितळे व कारखाने येथेही नाताळच्या संमेलनाची बोलणी निघतात. साहेब आणि शिपाई, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती एका पंक्तीस बसतात; ही चाल फार चांगली आहे. संमेलनाची व्यवस्था मात्र बहुधा आपल्यांपैकीच कोणाकडे येते. ‘सण तुमचा, तेव्हा तुम्हीच पाहा,’ असे सहकारी आपुलकीने म्हणतात. ती व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा हिशेब करू. समजा, कचेरीत ६० माणसे आहेत. प्रत्येकास एक ताटली, एक वाटी, एक चमचा, पाण्याची एक बाटली, चहाचा एक पेला आणि हात पुसावयास एक कागद दिला, तर दोन तासांत ३६० वस्तू कचऱ्यात पडतात. त्यांत उष्टे अन्न मिसळले की ओला व सुका कचरा वेगळा करणे जवळजवळ अशक्य होते. मग कोणी तो आवारामागे नेऊन पेटवितो व त्याचा विषारी धूर वस्तीत शिरतो. कोणी पिशवीत बांधून रस्त्याच्या कडेस टाकतो. उष्ट्याच्या वासाने गाय तेथे येते आणि अन्नाबरोबर पिशवीही गिळते. ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साठत जाते व शेवटी तिच्या प्राणावर बेतते. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी पहिल्यांदा नाताळची गव्हाणी उभारली, तेव्हा तेथे खरे गवत आणून जिवंत बैल व गाढव बांधले होते. त्याच गव्हाणीची प्रतिकृती कचेरीत मांडावयाची आणि त्याच दिवशी कुंपणाबाहेरच्या मुक्या जनावरास प्लॅस्टिक खावयास घालावयाचे, हे कसे शोभेल?

कायद्याचेही भान हवे. १ जुलै २०२२ पासून आपल्या देशात एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे व नळ्या, तसेच सजावटीचे थर्मोकोल यांस बंदी आहे. पुष्कळ जण त्याऐवजी कागदी पेले आणतात. परंतु त्या पेल्यांस आतून प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो. खरगपूर येथील आय. आय. टी.च्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, कढत द्रव अशा पेल्यात १५ मिनिटे राहिला तर त्या १०० मिलिलिटर द्रवात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे. मंडपवाल्याकडून स्टीलची ताटे, वाट्या व पेले भाड्याने आणावेत, आणि भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी. आपला चहाचा पेला प्रत्येकाने घरून आणला तरी चालेल. भांडी मिळतच नसतील तर पळसाच्या पत्रावळी किंवा पोफळीच्या विरीच्या ताटल्या घ्याव्यात. मात्र पत्रावळीस प्लॅस्टिकचे अस्तर नाही ना, हे पाहून घ्यावे. पाण्यासाठी बाटल्यांऐवजी झाकणाचे पिंप व वगराळे ठेवावे.

अन्नाच्या बाबतीत अंदाजाने ऑर्डर देऊ नये. संमेलनापूर्वी चार दिवस वही फिरवून कोण येणार, कोण शाकाहारी व कोण मांसाहारी, हे लिहून घ्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यांपैकी सुमारे २९ कोटी टन उपाहारगृहे व भोजनव्यवस्था यांतील होते. दहा पदार्थांपेक्षा चार पदार्थ ताजे व पुरेसे असावेत, आणि प्रथम थोडेच वाढावे. उरलेले अन्न कोणास द्यावयाचे तेही आधी ठरवावे, कारण शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर राहिले तर ते खाण्यास सुरक्षित राहत नाही. दुसऱ्यास द्यावयाचे अन्न स्वतःच्या मुलास देता येईल असेच असावे.

संमेलन शक्यतो दुपारी ठेवावे. दिव्यांची रोषणाई लागत नाही, आणि दूरच्या गावच्या मुलींना शेवटच्या एस.टी.ची चिंता राहत नाही. सजावटीस बांबूच्या कामट्यांचा व कागदाचा तारा, झेंडूची फुले आणि आंब्याचे टाळे पुरेत. तारा नीट घडी करून ठेवला तर पुढील वर्षी केवळ कागद बदलावा लागतो. चिठ्ठ्या टाकून एकमेकांस भेट देण्याची जी रीत आहे, तीत बाजारातील चमचमीत खेळण्यापेक्षा घरचा फराळ, रोप किंवा वाचून झालेले चांगले पुस्तक द्यावे. वेष्टनाचा कागद मुठीत चुरगाळून पाहावा. मूठ उघडताच तो पुन्हा पसरला तर तो बहुधा प्लॅस्टिकचा समजावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संमेलनाचे छायाचित्र निघते तेव्हा झाडूवाली बाई त्यात क्वचितच असते. सर्वजण घरी गेल्यावर तिचे काम सुरू होते. ३६० उष्ट्या वस्तू हातांनी वेचताना तिच्या मनात सणाचा आनंद कितीसा उरत असेल? म्हणून तिला पहिल्याच पंक्तीस आग्रहाने बसवावे. ओला व सुका अशा दोन टोपल्या आधीच मांडाव्यात, आणि ज्याने त्याने आपले ताट स्वतः उचलून ठेवावे. साहेबांनी प्रथम उचलले तर इतरांस सांगावे लागत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्लॅस्टिक टाळणे, कचरा वेगळा करणे आणि खाता येईल तेवढेच शिजविणे अशा साध्या कृतींचा आवर्जून उल्लेख आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही; आठवडाभर आधी विचार करावा लागतो, इतकेच. या वर्षी आपल्या मुलाकडे वा मुलीकडे संमेलनाची यादी करण्याचे काम आले, तर तिच्या अगदी वरच्या ओळीत त्या झाडूवाल्या बाईचे नाव लिहावयास आपण त्यांस सांगावे. पुढील बेत त्यावरून आपोआप सुचत जाईल.