रेल्वेचं इंजिन रुसलं कशानं?

भुसावळच्या फलाटावर तासन्‌तास रमणारी, गाड्यांचे नंबर तोंडपाठ असलेली, पण आई रागावली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून न उमगणारी मुलं असतात. अशा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांपैकी अनेकांना चाकं, रूळ आणि ठरल्या वाटेनं जाणाऱ्या गोष्टींचं विलक्षण वेड असतं. केंब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांनी हेच वेड कामाला लावलं! त्यांच्या चमूनं ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही कार्टून मालिका काढली. तिच्यात पात्रं म्हणून वाहनं आणि वाहनांच्या तोंडावर खऱ्या नटांचे चेहरे. भाग 15, भावनाही 15. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 4 ते 7 वर्षांच्या स्वमग्न मुलांनी चार आठवडे ही मालिका रोज पाहिली आणि भावना ओळखण्याच्या चाचण्यांत ती इतर मुलांच्या बरोबरीला आली. पुढे ऑस्ट्रेलियात बौद्धिक अडचणी अधिक असलेल्या मुलांना ती दाखवली, तेव्हा मात्र फायदा मोजकाच दिसला. एकच उपाय सगळ्यांना लागू पडत नाही.

मुळात भावना किती? पॉल एकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं जगभर चेहऱ्यावरून ओळखू येणाऱ्या सहा सांगितल्या: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. आता भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले स्थायीभाव आठवा. हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा, विस्मय... सहाच्या सहा हजर! वर रती आणि उत्साह हे दोन जास्तीचे.

या सहांत आश्चर्य भलतंच चकवतं. खाऊ मिळाला की आनंद, पडलं की रडू. इथं कारण डोळ्यांना दिसतं. पण आश्चर्य कळायला समोरच्यानं मनात काय धरलं होतं, याचा अंदाज यावा लागतो. म्हणून भावना शिकवायला सुरुवात साधारण आनंद, दुःख, राग आणि भीतीपासून करतात, आश्चर्य मागाहून.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. खानदेशातल्या घरात तर भरीत-पुरीचं ताटही पुरतं. मामाच्या दाताखाली हिरवी मिरची आली, भुवया आक्रसल्या, डोळ्यांत पाणी आलं, की तिथल्या तिथं सांगायचं, ‘मामाला तिखट लागलं, बघ त्याचं तोंड.’ आखाजीच्या झोक्यावर बहीण वर जाताना किंचाळते आणि खाली येताना हसते. मोबाइलवर दोन्ही क्षण टिपले की भीती आणि मजा शेजारी शेजारी दिसतात. ओळखीचा चेहरा आणि डोळ्यांदेखत घडलेलं कारण, ही जोडी छापील चित्रातल्या अनोळखी हसऱ्या मुलापेक्षा कितीतरी बोलकी. घरात अहिराणी असेल तर धडाही अहिराणीतच द्या. ‘काय व्हयनं?’ हे आजीच्या तोंडून ऐकलेलं मूल ‘तुला कसं वाटतंय?’ या पुस्तकी प्रश्नापाशी अडखळेल.

एक पथ्य मात्र पाळाच: ‘माझ्या डोळ्यांत बघ’ म्हणून हनुवटी धरू नका. नजरेला नजर देणं अनेक स्वमग्न मुलांना खरोखर त्रासाचं होतं. आवाजावरून, खांद्यांवरून, पावलांच्या आपटण्यावरूनही राग कळतोच की.

काहींची अडचण तर आणखी आतली असते. पोटात गोळा आलाय की भूक लागलीय, हे स्वतःचं स्वतःलाच नीट सांगता येत नाही. अशा मुलाला दुसऱ्याचा चेहरा वाचायला लावण्याआधी स्वतःची धडधड, घाम, आवळलेली मूठ ओळखायला शिकवावं.

आणि शिकायचं फक्त मुलांनीच का? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो; इतरांनाही स्वमग्न माणसाच्या भावना वाचता येत नाहीत. मला हे पुरेपूर पटतं. आनंदानं हात फडफडवणाऱ्या पोराला ‘गप बस’ म्हणणारे आपणच तो आनंद वाचायला चुकतो.

जळगाव-धुळ्याच्या पालकांनो, मूल स्वमग्न असल्याची शंका आली तर ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी असते. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे आणि ही सेवा मोफत आहे. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन त्याची चौकशी करा.