बारा शिपायांमागे एक

2024 साली राज्यात पोलीस भरती झाली. तिच्या 17,471 पदांपैकी 1,800 पदं कारागृह शिपायांची होती. सोनईसारख्या गावांतून पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं अशाच भरतीच्या आशेवर असतात. निवड झाली की प्रश्न येतो प्रशिक्षणाचा. समजा, एका संस्थेत एका वेळी 300 जण आणि मुदत सहा महिने. तर एवढ्यांना तयार करायला तीन वर्षं लागतील. येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयासारखी संस्था चालवताना असा हिशेब आधी करावा लागतो.

पण खरी अडचण तुरुंगातच आहे. 2022च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशात 5,73,220 कैदी होते आणि जागा 4,36,266 जणांची. कर्मचाऱ्यांची मंजूर पदं 91,181, भरलेली 63,578. म्हणजे तीस टक्के रिकामी. आदर्श कारागृह नियमावली सहा कैद्यांमागे एक सुरक्षारक्षक मागते. इथे कारकून आणि डॉक्टर धरूनही एका कर्मचाऱ्यामागे नऊ कैदी येतात. तीन पाळ्या धरल्या, तर एका वेळी सत्तावीस. अशा तुरुंगाचा अधीक्षक उजळणी वर्गाला माणूस कुठून सोडणार?

मानसोपचाराचं तर विचारूच नका. त्याच नियमावलीनुसार पाचशे कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा, म्हणजे देशात साधारण 1,146. होते अवघे 25. निराश झालेला कैदी ओळखणं, त्याच्याशी बोलणं हे काम मग बराकीवरच्या शिपायाकडेच येतं. त्याला कवायत आणि कुलपं एवढंच शिकवून कसं भागेल?

सोनईला हा विषय परका नाही. 1 जानेवारी 2013 रोजी इथे तीन दलित तरुणांची हत्या झाली. जानेवारी 2018मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. निकालावर गावोगावी चर्चा झाली. पण शिक्षा झालेल्या माणसाला पुढे वर्षानुवर्षं कायद्यानं सांभाळायचं काम कोणाला तरी करावं लागतं, आणि ते काम करणाऱ्याच्या तयारीबद्दल आपण क्वचितच विचारतो.

माझ्या मते नव्या इमारतीआधी पदांचं गणित बदलायला हवं. प्रत्येक शिपायाला वर्षातून एक महिना प्रशिक्षण द्यायचं, तर बारांतला एक कायम बाहेर राहणार. म्हणजे अकरा जणांचा पहारा असेल तिथे मंजुरी बारांची हवी, आणि ते बारावं पद पहाऱ्यासाठी वापरता येणार नाही अशी अट आदेशातच हवी.