आवरणावरील बारीक अक्षरे

सरत्या वर्षाच्या संगीताचा आढावा घेण्याची जी वहिवाट दिवाळी अंकांनी पाडून ठेवली आहे, तिच्यात अभिजात गायन, नाट्यसंगीत आणि चित्रपटगीते यांची आलटूनपालटून वर्णी लागत असते. परंतु ज्या संगीताला त्याच्या जन्मभूमीतही धड राजमान्यता नाही आणि लोकमान्यता तर नाहीच नाही, अशा संगीताचा आढावा घ्यावयाचा म्हणजे त्याचा ठावठिकाणा कसा काढावा हेच आधी सांगणे प्राप्त होते. ‘मॅथ रॉक’ हा अशा भूमिगत प्रवाहांपैकी एक. विषम मात्रांची आवर्तने, मध्येच तुटून भलत्याच ठिकाणी जुळणारे वाक्यखंड, एकमेकींत गुंतलेल्या दोन गिटारी, आणि गायन असलेच तर वाद्यांच्या मागे अंग चोरून उभे, अशी त्याची ढोबळ लक्षणे सांगता येतील. त्याचे चाहते मूठभर. मात्र ती मूठ शिकागोपासून तैवानमधील काओशुंगपर्यंत विखुरलेली आहे.

नवे ऐकण्याचे काम हल्ली बहुतेकांनी यंत्राच्या हवाली केले आहे. एक मुद्रिका संपते न संपते तोच तिच्याशी मिळतीजुळती दुसरी पुढ्यात येऊन पडते. ही तत्परता वाखाणण्याजोगी खरी. तथापि तिचा सारा आधार साम्यावर आहे, आणि ज्या संगीताचा प्राणच मुळी पुढची मात्रा कोठे पडेल याचा श्रोत्याने बांधलेला अंदाज चुकवण्यात आहे, त्याच्या शोधाचे मुखत्यारपत्र साम्याला लिहून दिले की दोनचार खेपांतच त्याच लखलखीत गिटारी आणि तीच चपळ बोटे पुनःपुन्हा ऐकू येऊ लागतात. माझे मत असे की, या प्रांतात नव्याचा माग काढावयाचा तर प्रकाराच्या नावामागे न जाता माणसांच्या हातांमागे जावे. ड्रम कोणी वाजवले, मुद्रण कोणी केले, कोणत्या लहानशा प्रकाशनसंस्थेने पदरमोड करून ते बाजारात आणले, हा सारा तपशील आवरणाच्या मागल्या बाजूस बारीक अक्षरांत दिलेला असतो, आणि सातबाराच्या उताऱ्याप्रमाणे तो वाचावयास बसले म्हणजे कोणाचा हक्क कोठून आला आणि पुढे कोणाकडे गेला याचा उलगडा होत जातो.

उदाहरणादाखल ‘स्लिंट’ हा चमू घ्यावा. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरची ही जेमतेम विशीतली मुले. त्यांची पहिली मुद्रिका ‘ट्वीझ’ १९८९ साली निघाली व ती स्टीव्ह अल्बिनी याने मुद्रित केली होती. दुसरी ‘स्पायडरलँड’, ब्रायन पॉल्सन याने मुद्रित केलेली, शिकागोच्या ‘टच अँड गो’ या संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केली. तीत सहाच रचना आहेत. गाणारा गातो असे म्हणण्यापेक्षा पुटपुटतो असे म्हणणे अधिक रास्त; तो गोष्ट सांगत असता गिटारी खालच्या आवाजात त्याच्याभोवती घुटमळतात आणि मग कसलीही पूर्वसूचना न देता कडाडून उठतात. मुखपृष्ठावर खाणीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या चौघांचे कृष्णधवल छायाचित्र आहे. ते टिपले विल ओल्डहॅम याने, जो पुढे स्वतः गायक म्हणून नावारूपाला आला. आणि मागल्या बाजूस, इच्छुक गायिकांनी पत्र लिहावे, अशी एक विनंती पत्त्यासह छापलेली आहे. गंमत अशी की ही विनंती बाजारात आली तेव्हा चमू मोडलेला होता! इंग्लंडातील ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात परीक्षण लिहिताना अल्बिनीने या मुद्रिकेला दहा तारे बहाल केले खरे. पण पेठेत तिची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि तिची कीर्ती पसरली ती पुढील दहाबारा वर्षांत, एका वादकाकडून दुसऱ्याकडे.

आता या मुद्रिकेवरील हात कोठे कोठे गेले ते पाहावे. गिटारवादक डेव्हिड पाजो हा शिकागोच्या ‘टॉर्टॉइस’ या चमूत दाखल झाला आणि त्यांच्या १९९६ च्या मुद्रिकेत त्याचे वादन ऐकावयास मिळते. ड्रमवादक ब्रिट वॉलफर्ड याने ‘द ब्रीडर्स’ यांच्या ‘पॉड’ या १९९० च्या मुद्रिकेत टोपणनावाने ड्रम वाजवले, आणि तीही अल्बिनीनेच मुद्रित केलेली. टॉर्टॉइसमधील जॉन मॅकएन्टायर पूर्वी ‘बास्ट्रो’ या चमूत होता. बास्ट्रोचा म्होरक्या डेव्हिड ग्रब्स हा त्याआधी लुईव्हिलच्याच ‘स्क्विरल बेट’मध्ये, आणि स्लिंटचा गायक ब्रायन मॅकमहनही तेथलाच. अशा रीतीने एका मुद्रिकेची पाठ वाचून निघालेला माणूस पाच चमू फिरून पुन्हा लुईव्हिललाच येतो, आणि वाटेत त्याने ऐकलेल्या पाचांत परस्परांसारखे वाजणारे दोनही नसतात, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

अल्बिनीचे नाव वर वारंवार आले, आणि या गृहस्थाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आपल्याला ‘प्रोड्यूसर’ म्हणवून घेणे त्याला मान्य नव्हते. आपण मुद्रक, वादकांनी जे वाजवले ते प्रामाणिकपणे फितीवर उतरवणे एवढेच आपले काम, अशी त्याची धारणा होती, आणि त्यासाठी तो ठरीव मेहनताना घेई, विक्रीतला हिस्सा कधी मागत नसे. १९९३ साली ‘द बॅफलर’ या नियतकालिकात त्याने एक निबंध लिहिला. त्यात मोठ्या कंपनीशी करार केलेल्या एका काल्पनिक चमूचा जमाखर्च त्याने कलमवार मांडला आहे, आणि अडीच लाख प्रती खपल्यावरही त्या चमूच्या डोक्यावर कंपनीचे १४,००० डॉलरचे देणे कसे उरते, हे साध्या बेरीज-वजाबाकीने दाखवून दिले आहे. भूमिगत संगीत लहान संस्थांच्या आश्रयाला का राहते, याचे याहून चोख उत्तर माझ्या वाचनात नाही. १९९७ साली त्याने शिकागोत ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ हे मुद्रणगृह उघडले. सिसिलीतील कातानिया शहरचा ‘उझेदा’ हा चमू आपल्यापर्यंत पोहोचतो तो याच माणसाच्या हातून. इटलीतील संगीताच्या याद्या धुंडाळून तो क्वचितच गवसला असता. अल्बिनी ७ मे २०२४ रोजी वारला, आणि त्याच्या स्वतःच्या ‘शेलॅक’ या त्रिकुटाची ‘टू ऑल ट्रेन्स’ ही अखेरची मुद्रिका त्यानंतर दहाच दिवसांनी प्रसिद्ध झाली.

पिट्सबर्गचा ‘डॉन कॅबालेरो’ हा दुसरा मूळपुरुष. येथे गायन नाहीच. चमूचा सूत्रधार डेमन चे हा ड्रमवादक असून, गिटारी ठेका धरतात आणि ड्रम बोलतात अशी उलटी व्यवस्था त्यांच्या वादनात दिसते. २००० सालच्या ‘अमेरिकन डॉन’मध्ये (मुद्रक पुन्हा अल्बिनीच) गिटारवादक इयन विल्यम्स हा लूपिंग पेडलच्या साहाय्याने स्वतःच वाजवलेल्या खंडावर दुसरा खंड चढवीत जातो. या हाताचा पिच्छा पुरवला की न्यूयॉर्कच्या ‘बॅटल्स’ची २००७ सालची ‘मिरर्ड’ ही मुद्रिका हाती लागते, आणि तीमधील ‘अॅटलस’ या रचनेने तर या प्रकाराला प्रथमच नाचघरापर्यंत नेले. त्या रचनेचा ठेका मात्र सरळ झुलता आहे; विषम मात्रा मोजू पाहणाऱ्याची तेथे निराशाच व्हावी. तेव्हा गणितावाचून मॅथ रॉक नाही, ही समजूत फार घट्ट धरू नये हे बरे.

तरीही मात्रांविषयी मराठी वाचकाला चार शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ज्याच्या कानावरून गेल्या आहेत, त्याला पाश्चात्त्य समीक्षकांचे साताबद्दलचे आश्चर्य काहीसे बालिश वाटण्याचा संभव आहे. किंबहुना रॉकमधील विषम मात्रांच्या एका शाखेचे मूळ आपल्याकडेच येते: जॉन मॅक्लॉफ्लिनच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ची १९७१ सालची पहिली मुद्रिका भारतीय लयविचाराच्या छायेत घडली, आणि पुढे त्याच्याच ‘शक्ती’ या चमूमध्ये माहीमचे झाकिर हुसेन त्याच्या शेजारी बसले. परंतु साम्य येथेच संपते. आपल्याकडे ताल आधी ठरलेला असतो. गायक कितीही दूर गेला तरी सम जागची हलत नाही, आणि ती कोठे आहे हे श्रोत्याला ठाऊक असते म्हणूनच तिहाई रंगते. मॅथ रॉकमध्ये असा कोणताही पूर्वकरार नाही. एक गिटार सात अंशांचा खंड घोळवीत राहते, दुसरी आठ अंशांचा. दोघींची गाठ थेट छप्पन्नाव्या अंशानंतर पडते, आणि ती पडते न पडते तोच ड्रमवादक सारा हिशेब मोडून नवा मांडतो. आपला श्रोता सम शोधीत बसतो आणि चिडतो. त्याने मोजणे सोडून ड्रमकडे कान द्यावा, म्हणजे जोडकाम कोठे आहे ते आपोआप उमगू लागते.

इलिनॉय विद्यापीठातील तिघा विद्यार्थ्यांच्या ‘अमेरिकन फुटबॉल’ची कथा स्लिंटहून निराळी नाही: १९९९ साली एक मुद्रिका ‘पॉलिव्हिनाइल’ने काढली, चमू विसर्जित झाला, आणि अनुपस्थितीत कीर्ती वाढली. त्यांच्या गिटारीच्या तारा वेगळ्या स्वरांत, म्हणजे एफ, ए, सी, जी, सी, ई अशा लावलेल्या असतात. त्यामुळे मोकळ्या तारा छेडल्या तरी एक उदासमधुर संवाद निघतो. हीच जुळणी पुढे जगभरच्या तरुणांनी उचलली, आणि इतकी उचलली की आज तिचा थोडा कंटाळा यावा. ड्रमवादक स्टीव्ह लेमॉस हाच मधूनमधून ट्रम्पेट हाती घेतो, ही या मुद्रिकेतील मला सर्वांत प्रिय गोष्ट. मुखपृष्ठावरील अर्बाना येथील घर पाहावयास चाहते जाऊ लागले, आणि अखेर २०२३ साली चमूने, प्रकाशनसंस्थेने व अन्य काहींनी मिळून ते खरेदी केले.

याच घराण्याचा विस्तार आशियात झाला, आणि आजमितीस या प्रवाहाचे सर्वांत जिवंत पाणी तेथेच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तोक्योचा ‘टो’ हा चमू २००० सालचा. ताकाशी काशिकुरा हा त्यांचा ड्रमवादक असा की तो चुकून जरी एखाद्या अनोळखी मुद्रिकेवर आढळला तरी ती डोळे मिटून घ्यावी. नऊ वर्षांच्या खंडानंतर त्यांची ‘नाऊ आय सी द लाइट’ ही दीर्घ मुद्रिका २०२४ साली आली, आणि तीत वयोपरत्वे येणारा संथपणा आहे, थकवा नाही. क्योतोच्या ‘ट्रिकॉट’ने २०१३ च्या पहिल्या मुद्रिकेत हे दाखवून दिले की अशा तुटक लयींवर गाण्याजोगी, तोंडात बसणारी चालही बांधता येते. काओशुंगच्या ‘एलिफंट जिम’मध्ये बहीण बेसवर आणि भाऊ गिटारीवर आहे, आणि नेतृत्व बेसकडे; ‘अँगल’ ही त्यांची २०१४ ची मुद्रिका नवख्याने प्रथम ऐकावी. वुहानच्या एका चमूने तर आपले नावच ‘चायनीज फुटबॉल’ ठेवून ऋण कबूल करून टाकले.

इंग्लंडविषयी थोडक्यात: ऑक्सफर्डच्या ‘टीटीएनजी’ची ‘अॅनिमल्स’ (२००८), लंडनच्या ‘ब्लॅक मिडी’ची ‘श्लागेनहाइम’ (२०१९), आणि ब्रिस्टलनजीक एका शेतावर २०१३ पासून भरणारा ‘आर्कटँजेंट’ महोत्सव. या महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतील सर्वांत खालची, सर्वांत बारीक टायपातली नावे आधी ऐकावीत.

खरेदीचा व्यवहारही समजून घेतला पाहिजे. या प्रकारच्या मुद्रिका बहुधा काही शेकड्यांतच छापल्या जातात आणि संपल्या की संपतात. ‘बँडकँप’ या पेढीवर वादक थेट विक्री करतो. पेढी डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के दस्तुरी घेते, आणि २०२० च्या मार्चपासून ठरावीक शुक्रवारी तीही माफ करते. ही पेढी २०२२ साली ‘एपिक गेम्स’ने घेतली आणि पुढल्याच वर्षी ती ‘साँगट्रॅडर’कडे गेली; त्या हस्तांतरणात निम्म्या नोकरवर्गाला घरी बसावे लागले. मालक असे बदलू लागले की दफ्तराची शाश्वती राहत नाही, म्हणून आवडलेली मुद्रिका विकत घेऊन आपल्यापाशी उतरवून ठेवणे शहाणपणाचे.

अलीकडच्या मुद्रिकांपैकी एकीचा माग अजून घेण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या मार्नी स्टर्न या गिटारवादिकेची २००७ ची पहिली मुद्रिका ऐकावयास मी घेतली ती केवळ तीवर ‘हेला’ या चमूचा ड्रमवादक झॅक हिल याचे नाव होते म्हणून; दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर ठोकून काढलेले तिचे स्वर त्याच्या ड्रमच्या सरीतही वाहून जात नाहीत. मध्यंतरी ती दूरचित्रवाणीच्या एका रात्रीच्या कार्यक्रमात वाद्यवृंदात नोकरीला होती, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर २०२३ साली ‘द कमबॅक किड’ घेऊन आली. या खेपेस ड्रमवर नाव आहे जेरेमी हायमन याचे. हा पूर्वी बाल्टिमोरच्या ‘पोनीटेल’ या चमूत होता, आणि त्यांची ‘आइसक्रीम स्पिरिच्युअल’ २००८ पासून उपलब्ध आहे.