लहान धरण, खासगी मालक आणि पायथ्याची माणसे

सुरतमधील लिंबायत हा विभाग दोन पाण्यांच्या धाकात पावसाळा काढतो. पहिले पाणी तापीचे. शहराच्या वरच्या अंगाला 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण गुजरात सरकारच्या मालकीचे आहे, आणि ऑगस्ट 2006 मध्ये तेथून सुमारे नऊ लाख क्युसेक (दर सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक) इतका विसर्ग झाल्यावर सुरतचा फार मोठा भाग पाण्याखाली गेल्यामुळे त्याची पातळी पावसाळाभर वृत्तपत्रांत छापली जाते. दुसरे पाणी मिठी खाडीचे. ते कोणत्याही मोठ्या धरणातून येत नाही. पलसाणा-कामरेजकडील पाऊस ओढ्यांतून आणि खाड्यांतून उतरतो, समुद्राला भरती असेल तर तुंबतो, आणि खाड्यांच्या मुखाशी झिंग्यांच्या तळ्यांसाठी खासगी व्यक्तींनी घातलेल्या बांधांनी वाट अडवल्याची तक्रार खाडीपुरानंतर होत असते. सरकारी धरणावर शेकडो डोळे असतात, खासगी बांधाकडे मात्र पाणी घरात शिरल्यावरच लक्ष जाते, हा फरक लिंबायतच्या रहिवाशाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

या वस्तीचा खासगी बांधांशी आणखी एक संबंध आहे. लिंबायतमधील मराठी कुटुंबांपैकी बरीचशी धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमाग व कापड गिरण्यांच्या कामासाठी आलेली आहेत, आणि त्यांतील अनेकांची शेती अजून गावी आहे. उकाईच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे 62,000 चौरस किलोमीटरचे असून त्याचा मोठा वाटा याच खानदेशासह महाराष्ट्रात पडतो. तेथे नाल्यावर मातीचा भराव घालून विहिरींना, मळ्याला, गुरांना किंवा एखाद्या छोट्या कारखान्याला पाणी पुरवणारे बांध असतात. असा बांध अनेकदा एका कुटुंबाच्या पैशातून आणि यंत्र चालवणाऱ्याच्या अंदाजावर उभा राहिलेला असतो, आणि पुढे त्याचा मालक उदरनिर्वाहासाठी दूर शहरात राहू लागतो.

अशा बांधाला धरण म्हणावे की नाही, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. डिसेंबर 2021 मध्ये अमलात आलेल्या धरण सुरक्षा कायद्याने ‘विनिर्दिष्ट धरण’ अशी संज्ञा केली आहे: उंची 15 मीटरपेक्षा अधिक असलेले प्रत्येक धरण तीत येते, आणि 10 ते 15 मीटर उंचीचे धरण त्याची लांबी किमान 500 मीटर, साठा किमान 10 लाख घनमीटर किंवा महत्तम पूर-विसर्ग सेकंदाला किमान 2,000 घनमीटर असेल, अथवा पाया विशेष अवघड किंवा रचना असाधारण असेल तरच येते. मालक सरकार असो वा कंपनी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि ठरावीक काळाने सर्वंकष तपासणी ही कर्तव्ये त्याच्यावर येतात. मुळशी, ठोकरवाडी यांसारखी टाटांची खासगी धरणे मोठी असल्याने आपोआप या चौकटीत बसतात. परंतु साडेनऊ मीटर उंचीचा, तीन लाख घनमीटर पाणी अडवणारा बांध बाहेर राहतो. हे पाणी तीन लाख टन वजनाचे असते आणि भराव फुटून ते अर्ध्या तासात निघून गेले तर सरासरी विसर्ग सेकंदाला 165 घनमीटरच्या वर जातो, व सर्वोच्च क्षणी त्याहूनही मोठा असतो. नाल्याकाठच्या एखाद्या वस्तीसाठी एवढे पुरेसे आहे. खाली कोण राहते हे न विचारता केवळ उंची आणि साठा मोजून रेघ ओढणे प्रशासनाला सोयीचे असले, तरी धोक्याचे माप म्हणून ते अपुरे आहे.

कायद्याबाहेरच्या बांधाची सुरक्षितता म्हणूनच पाहणाऱ्याच्या नजरेवर उभी असते, आणि या नजरेलाही एक क्रम आहे. मालक सहसा माथ्यावर उभा राहून पाणी पाहतो. जाणकार मात्र पाण्याकडे पाठ फिरवून आधी कोरड्या अंगाच्या पायथ्याशी उतरतो. मातीच्या धरणातून थोडा पाझर होणारच, कारण चिकणमातीचा गाभा पाणी अडवतो म्हणजे त्याची गती फार कमी करतो. प्रश्न पाझर किती आणि कसा याचा असतो. वैशाखात आजूबाजूचे गवत वाळून गेले असताना पायथ्याचा एखादा पट्टा हिरवागार दिसला, तर तेथे ओल पोहोचत आहे. झिरपणारे पाणी नितळ असेल तर नोंद ठेवून वाट पाहता येते, पण ते गढूळ झाले तर भरावाच्या आतली माती वाहून येऊ लागली आहे असे समजावे. अभियंते या क्रियेला पायपिंग म्हणतात: पाण्याच्या निर्गमाजवळचा कण आधी सुटतो, मग त्यामागचा, आणि अशी पोकळी उलट दिशेने जलाशयाकडे सरकत जाते. ती पाण्याला भिडल्यावर उरलेला वेळ तासांत मोजावा लागतो.

पाझर मोजण्याचे साधन स्वस्त आहे. पायथ्याच्या चरात काटकोनी त्रिकोणाकृती खाच असलेली पत्र्याची पट्टी बसवली की खाचेवरून पडणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढता येतो. उंची 5 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाणी जाते. ती 10 सेंटिमीटर झाली की हा प्रवाह दुप्पट होत नाही, सव्वाचार लिटरांच्या पुढे जातो. डोळ्यांना किरकोळ वाटणारी वाढ प्रत्यक्षात पाचपटीहून अधिक असल्यामुळे ‘थोडेसेच वाढले आहे’ या तोंडी अहवालाला काही अर्थ नसतो. जलाशयाची पातळी आणि खाचेवरील उंची एकाच वहीत शेजारी लिहिली जाणे महत्त्वाचे, कारण पातळी स्थिर असताना वाढणारा पाझर हा पातळीबरोबर वाढणाऱ्या पाझरापेक्षा कितीतरी गंभीर असतो.

गळतीचे तोंड दिसले की ते बाहेरून चिकणमातीने किंवा सिमेंटने बुजवण्याचा मोह होतो. तो घातक आहे. कोंडलेले पाणी दुसरी, बहुधा अधिक वाईट वाट शोधते. योग्य उपाय म्हणजे त्या जागी आधी वाळू, मग खडी, मग मोठे दगड असा गाळणी थर रचणे, ज्यामुळे पाणी बाहेर येते पण माती आत राहते, आणि त्याच वेळी जलाशय सावकाश उतरवणे. सावकाश, कारण पाणी झपाट्याने उतरले तर भिजलेल्या आतल्या उताराला पाण्याचा आधार उरत नाही आणि तो घसरू शकतो.

भरावातून जाणारी मोरी, म्हणजे पाणी बाहेर काढणारी नळी, हे लहान धरणाचे सर्वांत दुबळे ठिकाण होय, कारण नळीच्या भोवतीची माती यंत्राने नीट दाबली जात नाही. झडप बाहेरच्या टोकाला असेल तर नळी भरावाच्या पोटात कायम दाबाखाली राहते आणि एखादा सांधा सुटला की पाणी सरळ मातीत शिरते. म्हणून झडप पाण्याच्या बाजूला असणे इष्ट. 12 जुलै 1961 रोजी फुटलेल्या पानशेतच्या, आकाराने कितीतरी मोठ्या धरणातही मूळ दुखणे अपुऱ्या राहिलेल्या मोरीच्या कामाशी जोडलेले होते.

यानंतर पाहणारा माथ्यावर येतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण माथ्याच्या लांबीला आडव्या, म्हणजे पाण्याकडून कोरड्या अंगाकडे जाणाऱ्या भेगा वेगळ्या काढाव्या लागतात, कारण त्या पाण्याला आयती वाट देतात. भरावावर वाढलेली बाभूळ सावली देते म्हणून मालकाला आवडते. ती मेल्यावर तिची मुळे कुजून नळ्यांसारख्या पोकळ्या मागे उरतात. घुशींची बिळे आणि खेकड्यांची भोके याच यादीत येतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. खेकडा भराव पोखरतो यात खोटे काही नाही. मात्र गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली असताना खेकड्याचे नाव घेणे, हे न पाहिलेल्या भोकाची जबाबदारी भोक पाडणाऱ्यावर टाकण्यासारखे होते.

सर्वांत मोठा धोका मात्र मालकाच्या स्वतःच्या हातून निर्माण होतो. सांडवा म्हणजे जादा पुराचे पाणी भरावाला स्पर्श न करता बाजूने काढून देणारी वाट, आणि मुक्तांतर म्हणजे पुराच्या सर्वोच्च पातळीपासून माथ्यापर्यंत राखलेले अंतर. पाऊस संपत आला की दोन महिन्यांचे जादा पाणी मिळावे म्हणून सांडव्यावर फळ्या किंवा वाळूची पोती लावली जातात, मासे निसटू नयेत म्हणून जाळी बांधली जाते, आणि परतीच्या पावसात त्या जाळीत पालापाचोळा अडकून सांडवा बंद होतो. पाणी मग माथ्यावरून वाहू लागते. हा मार मातीचा भराव फार वेळ सोसू शकत नाही. गुजरातेतच 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू धरणाचे मातीचे बांध पुराने ओलांडले, कारण आलेले पाणी सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. तेथे दरवाजे होते, कर्मचारी होते. शेतातल्या बांधावर रात्री फळ्या काढायला कोण जाणार, हे आधी ठरलेले असावे लागते.

नुकसान झाल्यावर भरपाई कोणी द्यायची, याचा न्यायालयीन इतिहास खासगी जलाशयांनीच घडवला आहे. इंग्लंडमध्ये रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने गिरणीला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले तळे 1860 मध्ये जुन्या विवरांतून खचून शेजारच्या फ्लेचरच्या कोळसा खाणीत घुसले, आणि 1868 मध्ये असा दंडक ठरला की घातक ठरू शकणारी वस्तू स्वतःच्या लाभासाठी साठवणारा ती निसटल्यास, निष्काळजी नसला तरी, जबाबदार असतो. हाच प्रश्न 1874 मध्ये भारतातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले होते, परंतु तलाव राखणे हे त्याचे परंपरागत कर्तव्य असून शेती त्यावर अवलंबून आहे, या कारणाने निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय त्याला दोषी धरण्यास नकार मिळाला. जुन्या सार्वजनिक तलावाला दिलेली ही सवलत केवळ स्वतःच्या मळ्यासाठी काल बांधलेल्या भरावाला द्यावी, असे त्या तर्कातून निघत नाही.

लिंबायतमध्ये राहून गावचा बांध सांभाळणाऱ्या मालकापुढे म्हणून दोन प्रामाणिक पर्याय उरतात. पहिला, गावातील कोणाला तरी मेहनताना देऊन वही, खाच आणि सांडवा यांची जबाबदारी सोपवणे, आणि खालच्या प्रत्येक घराचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याजवळ ठेवणे. दुसरा पर्याय कोणी सहसा सुचवत नाही: ज्या बांधाची निगा राखता येत नाही तो स्वतःच फोडणे. हे काम उन्हाळ्यात, जलाशय कोरडा असताना करावे लागते. खिंडार अरुंद चरासारखे न ठेवता नाल्याच्या मूळ तळापर्यंत, नाल्याच्या पूर्ण रुंदीचे आणि दोन्ही बाजूंना सौम्य उताराचे असावे लागते, नाहीतर पहिल्याच पुरात काटेकुटे अडकून ते पुन्हा तुंबते आणि उरलेला भराव नकळत पुन्हा धरण बनतो. निघालेली माती नाल्याच्या पात्रात न टाकता शेतात पसरावी, आणि मोरीची नळी पूर्णपणे उपसून काढावी.