शँकिल रोडवरील मे ब्लड

टिळकयुगापासून आयर्लंड मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. होमरूल, मॅकस्विनीचे प्राणांतिक उपोषण, डी व्हॅलेरा ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. फाळणीनंतर ब्रिटिश अमलाखाली राहिलेल्या उत्तरेकडील सहा परगण्यांत १९६९ पासून तीस वर्षे जो रक्तपात झाला आणि ज्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली, त्याची हकीकत पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. माझे मन अनेक वर्षे गुंतले आहे ते त्या इतिहासाच्या समासात राहिलेल्या एका गिरणी कामगार स्त्रीमध्ये.

१९३८ साली बेलफास्टमध्ये प्रॉटेस्टंट घरात जन्मलेल्या मे ब्लड चौदाव्या वर्षी ब्लॅकस्टाफ या लिननच्या कापडाच्या गिरणीत लागल्या आणि गिरणीला टाळे लागेपर्यंत, म्हणजे सुमारे ३८ वर्षे, तेथेच राहिल्या. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही पंथांच्या बायका तेथे शेजारी शेजारी राबत. त्यांच्या तक्रारी युनियनच्या प्रतिनिधी या नात्याने मालकांपुढे मांडता मांडता, समोरचा आपला द्वेष करतो हे ठाऊक असूनही त्याच्याशी बोलणे कसे चालू ठेवावे, ही विद्या त्यांनी आत्मसात केली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या वडिलांनी कॅथलिक शेजाऱ्यांना हुसकावण्यास विरोध केला, आणि स्वपंथीयांनीच या कुटुंबाला घर सोडावयास लावले. गिरणी बंद झाल्यावर बेलफास्टच्या शँकिल रोडवरील प्रॉटेस्टंट वस्तीतील बेकार पुरुष, आणि पुढे तान्ही मुले व त्यांच्या माता, हे मे ब्लड यांचे कार्यक्षेत्र झाले.

या वस्तीतून त्या राजकारणात कशा आल्या हे समजण्यासाठी १९९६ च्या एका निवडणूक कायद्याकडे वळतो, ज्याचे परिशिष्ट मी पुनःपुन्हा वाचले आहे. रक्तपात थांबवण्याच्या वाटाघाटींसाठी प्रतिनिधी निवडावयाचे होते: १८ मतदारसंघांतून प्रत्येकी ५, आणि त्याखेरीज सर्व प्रांत मिळून सर्वाधिक मते मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी २ जागा. या दुसऱ्या तरतुदीचे मर्म उघड होते. सशस्त्र प्रॉटेस्टंट संघटनांशी संबंधित लहान पक्षांना मतदारसंघ जिंकणे दुरापास्त होते आणि त्यांच्यावाचून युद्धविराम टिकता ना. बंदूकधाऱ्यांसाठी उघडलेल्या या दारातून स्त्रिया आत शिरल्या. उमेदवार याद्यांत स्त्रियांना स्थान द्या, ही त्यांची विनंती प्रस्थापित पक्षांनी दुर्लक्षिली होती. तेव्हा अवघ्या सहा आठवड्यांत दोन्ही पंथांतील कार्यकर्त्या स्त्रियांनी ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन’ हा पक्ष उभा केला, सुमारे ७० उमेदवार दिले आणि कायद्याच्या पक्षयादीत आपले नाव नोंदवून घेतले. मे ब्लड या पक्षाच्या संस्थापकांत होत्या आणि प्रचाराच्या सूत्रधारही. ३० मे रोजी मिळालेली ७,७३१ मते एकूण मतांच्या एक टक्क्याहून किंचित अधिक होती. मतदारसंघ एकही हाती लागला नाही. परंतु पक्ष नववा आला आणि मोनिका मॅकविल्यम्स व पर्ल सेगर, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट, प्रतिनिधी झाल्या.

निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहात या दोघींचा जो अपमान झाला तो वाचताना आजही संताप येतो: मॅकविल्यम्स बोलावयास उठल्या की समोरून गाईच्या हंबरण्याची नक्कल होई. सशस्त्र आयरिश प्रजासत्ताकवाद्यांशी संबंधित सिन फेन पक्षाला वाटाघाटींबाहेर ठेवण्याचा आग्रह चालू असताना या दोघींनी संवादाचा मार्ग सोडला नाही. याला मी राजकीय शहाणपण म्हणतो, कारण ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याच्याशीच तह करावा लागतो. या वाटाघाटींतून झालेल्या १० एप्रिल १९९८ च्या शांतता करारात हिंसेच्या बळींचे स्मरण, एकत्र शिक्षण, मिश्र वसाहती आणि स्त्रियांचा पूर्ण व समान राजकीय सहभागाचा हक्क हे विषय आले, यात या पक्षाचा वाटा मोठा आहे. मोठ्या पक्षांच्या मसलती सीमा, शस्त्रे आणि कैदी यांभोवतीच फिरत असताना, करार झाल्यानंतर शेजारी शेजाऱ्याशी कसा राहील हा प्रश्न वस्त्यांत आयुष्य घालवलेल्यांनीच विचारावा, हे स्वाभाविक होते.

पुढे करारानुसार स्थापन झालेल्या विधानसभेत या पक्षाने दोन जागा जिंकल्या, २००३ साली गमावल्या आणि २००६ साली पक्ष विसर्जित झाला. मे ब्लड यांना १९९९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सचे आजीव सदस्यत्व मिळाले. उत्तर आयर्लंडमधील स्त्रीला असा मान प्रथमच लाभत होता. त्या पदाचा उपयोग त्यांनी प्रामुख्याने दोन्ही पंथांच्या मुलांनी एका शाळेत बसावे या मागणीसाठी केला. त्या प्रांतातील शंभरांपैकी जेमतेम सात मुले आजही अशा शाळांत जातात. एकत्र शिक्षणाला पाठबळ देणारा कायदा २०२२ च्या वसंतात मंजूर झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मे ब्लड निवर्तल्या.