'दार उघडले' : एका संभाव्यता-कूटाची व्याकरणिक बाजू

संभाव्यताशास्त्रातील काही प्रश्न असे आहेत की, त्यांचे उत्तर पटण्यास केवळ गणिताचे ज्ञान पुरत नाही. प्रश्न कोणत्या शब्दांत मांडला आहे हेही बारकाईने पाहावे लागते. तीन दारांचा कूटप्रश्न हा त्यांपैकी सर्वांत गाजलेला होय. त्याचे स्वरूप असे : तीन बंद दारे आहेत. एका दारामागे मोटार आहे व उरलेल्या दोहोंमागे एकेक बकरी. स्पर्धक एक दार निवडतो. मात्र ते बंदच राहते. मग राहिलेल्या दोन दारांपैकी एक दार उघडले आणि त्यामागे बकरी निघाली. आता स्पर्धकास विचारले जाते की, त्याने आपली पहिली निवड कायम ठेवावी की उरलेल्या बंद दाराकडे वळावे?

सकृद्दर्शनी उत्तर सोपे वाटते. दोन दारे बंद आहेत, मोटार त्यांपैकी एकामागे आहे, म्हणून दोहोंची संभाव्यता निम्मी-निम्मी. बदल केला काय, न केला काय, सारखेच. परंतु ग्रंथांतरी दिलेले उत्तर वेगळे आहे. निवड बदलणाऱ्यास मोटार मिळण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश आणि न बदलणाऱ्यास एक-तृतीयांश, असे ते सांगते. ही दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, आणि त्यांतले कोणते घ्यावयाचे हे बव्हंशी एका क्रियापदावर अवलंबून आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

प्रश्नाचे कूळ जुने आहे. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्राँ ह्याने १८८९ साली आपल्या ग्रंथात तीन पेट्यांचा एक सजातीय प्रश्न घातला होता. १९५९ साली मार्टिन गार्डनर ह्याने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात तीन कैद्यांचे कोडे प्रसिद्ध केले. त्यात दार उघडण्याऐवजी पहारेकरी एका कैद्याचे नाव सांगतो. प्रचलित स्वरूप मात्र स्टीव्ह सेल्विन ह्यांच्या पत्राने आले. 'अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' ह्या नियतकालिकाच्या फेब्रुवारी १९७५ च्या अंकात त्यांनी हा प्रश्न पेट्यांच्या रूपाने मांडला. १९६३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका दूरचित्रवाणी-खेळाचा सूत्रधार माँटी हॉल ह्याच्यावरून पुढे ह्या प्रश्नास नाव पडले. सेल्विन ह्यांच्या उत्तरावर आक्षेप आले, तेव्हा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरे पत्र लिहून आपली गृहीतके उघड केली : सूत्रधारास मोटार कोठे आहे हे माहीत असते, आणि ज्या वेळी दोहोंपैकी कोणतीही पेटी उघडण्यास तो मोकळा असतो त्या वेळी तो यदृच्छेने एक उघडतो. हे दुसरे पत्र पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचे मानावयास हवे. तथापि ते विस्मरणात गेले. सप्टेंबर १९९० मध्ये 'परेड' साप्ताहिकात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट ह्यांनी 'बदल करावा' असे उत्तर दिले, तेव्हा सुमारे १०,००० पत्रे आली आणि त्यांपैकी हजाराच्या जवळपास पत्रलेखक डॉक्टरेट मिळवलेले होते. बहुतेकांचे म्हणणे, बाई चुकल्या. पॉल एर्डोश ह्यांच्यासारख्या थोर गणितज्ञासही हे उत्तर प्रथम पटले नव्हते आणि संगणकावर खेळ पुनःपुन्हा खेळून दाखवल्यानंतरच ते नरमले, असे त्यांचे स्नेही आंद्रू वाझोनी ह्यांनी लिहून ठेवले आहे.

ह्या मतभेदाचा उलगडा मोजदादीने होतो, आणि मोजदादीची परंपरा परभणी जिल्ह्यास परकी नाही. गोदावरीच्या उत्तरेस असलेली पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. 'सिद्धान्तसुन्दर' ह्या ज्योतिषग्रंथाचा कर्ता ज्ञानराज तेथला. त्याचा पुत्र सूर्यदास ह्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' (१५३८) आणि लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' (१५४१) ह्या टीका लिहिल्या. लीलावतीच्या शेवटी 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. दहा आयुधे शंकराच्या दहा हातांत किती प्रकारांनी धरता येतील, असा त्यात प्रश्न असून उत्तर ३६,२८,८०० असे येते. विष्णूच्या चार हातांचे प्रकार २४ होतात. अंकपाश प्रकारांची संख्या सांगतो. कोणता प्रकार किती वेळा घडून येईल हे सांगत नाही, आणि तो त्याचा विषयही नव्हे. 'दोन दारे उरली, म्हणून निम्मी संभाव्यता' असे म्हणणारा मनुष्य नेमक्या ह्याच दोन गोष्टींची गल्लत करतो. प्रकार दोन आहेत हे खरे. ते समबल आहेत हे सिद्ध व्हावयाचे असते.

स्पर्धकाने पहिले दार निवडले असे धरू. मोटार पहिल्या, दुसऱ्या वा तिसऱ्या दारामागे असेल. उघडणारे दार दुसरे वा तिसरे असेल. तीन गुणिले दोन, असे सहा प्रकार झाले. आता दार उघडणाऱ्याला काहीच ठाऊक नाही व तो आंधळेपणाने दार उघडतो असे मानले, तर हे सहाही प्रकार समबल होत. त्यांपैकी दोन प्रकारांत (मोटार दुसऱ्यामागे आणि उघडलेले दारही दुसरे, तसेच तिसऱ्याचे) मोटारच दृष्टीस पडते. परंतु प्रश्नात तर बकरी दिसली आहे. म्हणून हे दोन प्रकार गळतात. उरले चार. त्यांपैकी दोहोंत मोटार पहिल्या दारामागे आहे, दोहोंत ती दुसऱ्या बंद दारामागे आहे. बदल करा अथवा न करा, संभाव्यता निम्मी. हजार पत्रलेखक विद्वान ज्या उत्तरासाठी भांडत होते ते हेच.

आता दार उघडणारा जाणता आहे, तो मोटारीचे दार कधीच उघडणार नाही, स्पर्धकाचे दारही उघडणार नाही, आणि एक दार मात्र दर वेळी उघडणारच, असे मानू. वरचे सहा प्रकार पुन्हा घ्यावेत. मोटार दुसऱ्या दारामागे असता आंधळ्याने ज्या वेळी दुसरेच दार उघडले असते, त्या वेळी जाणता तिसरे उघडतो. म्हणजे जे दोन प्रकार मघाशी गळाले ते येथे गळत नाहीत. ते आपल्या शेजारच्या प्रकारात जाऊन मिळतात व त्याचे वजन दुप्पट होते. सहापैकी दोन हिस्से पहिल्या दाराकडे राहिले, चार हिस्से दुसऱ्या बंद दाराकडे गेले. एवढाच काय तो फरक : गळालेले प्रकार आणि वळवलेले प्रकार. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, स्पर्धकाचे दार कसोटीला लागलेलेच नाही, कारण ते उघडण्यास मनाई होती. उरलेले बंद दार मात्र कसोटीतून वाचलेले आहे. दारे तीनऐवजी शंभर घेतली आणि जाणत्याने अठ्याण्णव उघडली, तर न उघडलेल्या त्या एका दाराकडे कोणाचेही लक्ष जाईल.

आता व्याकरणाकडे वळावयास हरकत नाही. लेखाच्या आरंभी प्रश्न मांडताना 'एक दार उघडले आणि त्यामागे बकरी निघाली' अशी वाक्यरचना योजली आहे. मराठी म्हणून ती निर्दोष आहे. परंतु त्या शब्दांवरून प्रश्नास एकच एक उत्तर देता येत नाही. 'उघडणे' हा मराठीत उभयविध धातू आहे. 'त्याने घराचे दार उघडले' येथे तो सकर्मक, 'त्याच्या घराचे दार उघडले' येथे अकर्मक. उभयविध क्रियापदांच्या पाठात शाळेपासून हेच उदाहरण दिले जाते. कर्ता गाळला की दोन्ही रूपे एकच दिसतात, आणि दार कोणी उघडले की आपोआप उघडले हे क्रियापद सांगत नाही. 'निघणे' ह्या धातूचे तसे नाही. तो अकर्मक आहे, आणि त्याची सकर्मक जोडी 'काढणे' ही वेगळी उभी आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली की ईश्वरचिठ्ठीने निकाल लागतो. तेथे चिठ्ठी बहुधा लहान मुलाच्या हातून काढवतात. कारण त्याला काही ठाऊक नसते आणि ठाऊक नसणे हीच तेथे पात्रता असते. मूल चिठ्ठी 'काढते', नाव मात्र 'निघते'. ईश्वरचिठ्ठी ह्या शब्दातच कर्तृत्व मुलाकडून काढून अन्यत्र ठेवले आहे.

तीन चिठ्ठ्यांपैकी एकीवर नाव आहे असे समजावे. एक चिठ्ठी न उघडता हातात धरली. उरलेल्या दोहोंपैकी 'कोरी चिठ्ठी निघाली' असे कोणी म्हटले तर मराठी कान मुलाची कल्पना करतो आणि उत्तर निम्मे येते. 'कोरी चिठ्ठी काढली' किंवा, त्याहून स्पष्ट, 'कोरी चिठ्ठी काढून दाखवली' असे म्हटले तर चिठ्ठ्या लिहिणारा जाणता मनुष्य डोळ्यांपुढे येतो आणि उत्तर दोन-तृतीयांशाकडे झुकते. कार्यालयीन मराठीची तऱ्हा तिसरीच. 'चिठ्ठी काढण्यात आली' ह्या रचनेत काढणारा आहे, पण तो कोण व किती जाणता हे झाकलेले आहे. सोडतीच्या इतिवृत्ताला ही रचना शोभते, संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकाला नव्हे.

तथापि नुसते जाणतेपण सांगून भागत नाही. 'परेड'मधील प्रश्नात सूत्रधारास सारे माहीत आहे असे स्पष्ट म्हटले होते. तो दर वेळी दार उघडतोच असे मात्र म्हटले नव्हते. ही त्रुटी खुद्द माँटी हॉलने दाखवून दिली. १९९१ साली 'न्यू यॉर्क टाइम्स'चा वार्ताहर त्याच्या घरी गेला असता त्याने खेळ मांडून दाखवला आणि स्पर्धकाची निवड बरोबर असेल तेव्हाच त्याला बदलाचा मोह घातला तर बदलणारा दर वेळी हरतो, हे सिद्ध केले. अशा सूत्रधारापुढे 'बदला' हा सल्ला सर्वस्वी घातक होय. म्हणून मराठीत हा प्रश्न नीट मांडावयाचा तर भूतकाळाऐवजी रीतिवर्तमान योजावा : 'सूत्रधार दर वेळी, स्पर्धकाने न निवडलेले व बकरीचे, असे एक दार उघडतो.' 'उघडले' हे एका वेळची घटना सांगते, 'उघडतो' हे नियम सांगते. आणि संभाव्यता घटनेची नसून नियमाची काढावयाची असते.

ह्या भाषिक गुंत्याला एक गमतीदार दुजोरा आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रश्न वाचून निवड बदलणारे लोक शेकडा १३ च्या आसपासच आढळले. पुढे २०१० साली दुसऱ्या दोन संशोधकांनी हाच खेळ कबुतरांना शिकवला. दाणे मिळत गेले तसतशी कबुतरे महिन्याभरात जवळजवळ नेहमीच निवड बदलू लागली. त्यांच्याशी ताडून पाहिलेले विद्यार्थी तेथवर पोचले नाहीत. कबुतरास वाक्य वाचावयाचे नव्हते. त्याच्यापुढे नियम होता, आणि तो शेकडो वेळा अनुभवास येत होता.

भाषाभ्यासकाला ह्या कोड्याचे खरे काम पडते ते क्षेत्रपाहणीत. समजा, एखादे जुने क्रियारूप सोनपेठ, मानवत आणि पाथरी ह्या तीन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी टिकून आहे एवढे ठाऊक आहे, तिन्ही सारखीच संभवनीय आहेत, आणि जाण्यास एकाच ठिकाणापुरता वेळ आहे. विद्यार्थ्याने सोनपेठ निवडले. निघण्यापूर्वी तेथील बोलीचे जाणकार असलेले एक वृद्ध गुरुजी म्हणाले, 'मानवतला ते रूप नाही.' विद्यार्थ्याने सोनपेठलाच जावे की पाथरी गाठावी? गुरुजींना तिन्ही ठिकाणची बोली ठाऊक असून केवळ विद्यार्थ्याच्या निवडीविषयी बोलू नये म्हणून त्यांनी दुसरे नाव घेतले असेल, तर पाथरीच्या बाजूने दोनास एक असे पारडे पडते. ते आयुष्यात फक्त मानवतलाच राहिले असतील आणि तेथले काय ते सांगत असतील, तर दोन्ही ठिकाणे समान. आणि त्यांना सारे ठाऊक असून, सोनपेठला रूप नसते तर तेही तितक्याच मोकळेपणाने बोलून गेले असते, असा त्यांचा स्वभाव असेल, तर ते जाणते असूनही ठिकाणे समानच राहतात. कारण आता सोनपेठही कसोटीला लागले आहे आणि मानवतऐवजी त्याचेच नाव यावयाची शक्यता होती.

नोंदवहीत 'मानवत : रूप नाही' एवढेच लिहिले तर हे तिन्ही प्रसंग एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. निवेदकास आणखी कोठली बोली ठाऊक होती, तो विचारल्यावरून बोलला की आपण होऊन, आणि अभ्यासकाचा बेत त्याला आधी कळला होता काय, ह्या तीन गोष्टी उत्तराच्या शेजारीच, त्याच दिवशी उतरवून घ्याव्या लागतात. महिन्यानंतर त्या निवेदकासही आठवत नाहीत.