सात हंडे आणि तीन प्रश्न

“बाई, आमच्या डोंगरात मोहरांचे सात हंडे पुरलेत! वर नाग बसलाय राखणीला. आजीनं सांगितलंय!”

रामवाडीच्या आमच्या वर्गात एकानं हे सांगितलं मात्र, प्रत्येकाला आपापल्या आजोळचा हंडा आठवला. गंमत अशी, की बहुतेक ठिकाणी हंडे सातच आणि राखणीला नागच!

मुलांनो, अशी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, पण लगेच कुदळही उचलू नका. आधी तीन प्रश्न विचारा. हे कुणी सांगितलं? कुठं लिहिलेलं आहे का? आणि दुसरा काही पुरावा आहे का?

आपल्या जिल्ह्यातली हरवलेल्या सोन्याची सगळ्यांत मोठी गोष्ट या प्रश्नांवर घासून बघू. त्यासाठी रामवाडीहून महामार्गानं महाडला आणि तिथून रायगडावर जायला हवं. ६ जून १६७४ रोजी इथं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सिंहासन बत्तीस मण सोन्याचं होतं, असं कृष्णाजी अनंत सभासदांच्या बखरीत आहे. पुढे १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. मग सिंहासनाचं काय झालं? कुणी म्हणतं, मोगलांनी फोडून नेलं. कुणी म्हणतं, गंगासागर तलावात बुडवलं.

आता लावा प्रश्न. सिंहासन होतं, याला बखरीचा आधार आहे. शिवाय समारंभाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानंही भव्य सिंहासनाबद्दल लिहिलं आहे. म्हणजे दोन साक्षी झाल्या. बत्तीस मणांचं काय? बखर लिहिली गेली १६९७ च्या सुमारास, राज्याभिषेकानंतर तेवीस वर्षांनी. त्या काळी मणाचं वजनही सगळीकडे सारखं नव्हतं. तेव्हा किलोचा हिशेब जरा जपूनच! आणि तलावाची गोष्ट? ती ऐकीव.

रायगडावर एकदा खजिना मिळाल्याची नोंदही आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला, तेव्हा त्यांना सुमारे पाच लाखांची रोकड सापडली. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये हे आहे. कुलाबा हे आपल्याच जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव. म्हणजे खजिना खरा होता, पण तो दोनशे वर्षांपूर्वीच गेला!

तरीही लोक गुप्तधनाच्या नादी लागतात. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात, बिचाऱ्या मांडूळ सापाला पकडून विकतात. पैसे घेऊन फसवणारे भोंदू तर टपलेलेच असतात. या वेडापायी माणसांचे जीवही गेले आहेत. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांना शिक्षा आहे.

मग शोधायचंच नाही का? शोधायचं, पण रीतीनं! रायगडावर पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, तेव्हा २०२१ मध्ये सोन्याची बांगडी सापडली. अशी वस्तू कुठं, किती खोल आणि कशाशेजारी होती, हे सगळं तज्ज्ञ टिपून ठेवतात. त्यावरून तिथं कोण राहत असेल, घर कधी पडलं असेल, याचा माग लागतो. चोरानं तीच बांगडी उकरली असती, तर ती सोनाराच्या मुशीत वितळली असती आणि तिची कहाणी कायमची गेली असती.

तुम्हाला शेतात जुनी नाणी सापडली तर? घासू नका, आणखी खणू नका. घरच्यांना सांगा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि आमचे सात हंडे? त्या मुलानं आजीला तिन्ही प्रश्न विचारले. आजी हसून म्हणाली, “अरे, मी काय बघितलेत? माझी आजी सांगायची. आम्ही लाकडं आणायला एकट्यानं रानात जाऊ नये म्हणून नाग बसवलान तिनं तिथं!”

पोरगा हिरमुसला होता का? छे! सगळं वहीत उतरवून आणलं होतं त्यानं.

तुम्हीही आपल्या गावचा हंडा लिहून काढा. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख मात्र विसरू नका!